फरीदाबादची खिरापत

भोंडल्याची खिरापत ओळखण्यात मी आजवर कधी हरलेले नाही. फुशारकी समजा हवं तर. फरीदाबादमधल्या आमच्या मराठी बायकांच्या घोळक्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरात्रात संध्याकाळी एकेकीच्या घरी जमायचं, मधे पाटावर रांगोळीचा हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. गोड की तिखट, तळलेलं की वाफवलेलं, असं विचारत बायका बराच वेळ घोळ घालतात. मी डबा एकदा कानाशी नेते, हलवते आणि सांगून टाकते. चिरोटे वेगळे वाजतात, शंकरपाळे वेगळे. कुणालाच ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी 'हरलो' म्हणायचं, मगच झाकण उघडतं. हा शब्द मी कधी उच्चारलेला नाही. नवऱ्याशी भांडतानाही नाही, त्याला विचारा.

माझी लेक या बाबतीत माझ्यावर गेली आहे. सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून ती डब्याला नाक लावून खिरापत ओळखायची. 'माझ्यावर गेली आहे' हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तिच्याकडे बघून तसं कुणी म्हणत नाही. ती मेघालयातली, खासी घरात जन्मलेली. बारीक डोळे, लालसर गाल, सरळसोट काळे केस. मी पुण्याची, सावळी, नाक इतकं धारदार की शाळेत त्यावरून चिडवायचे. आम्ही दोघी रस्त्याने चाललो की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

आणि याच लेकीने मागच्या नवरात्राच्या तोंडावर मला सांगितलं, की या वर्षी आपल्याकडे भोंडला नको.

हे कशामुळे झालं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्जात विचारलं होतं, कुठल्या राज्यातलं मूल हवं. नवरा एका कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याला सगळं मोजूनमापून लागतं. तो म्हणाला, "महाराष्ट्र लिहू या का?" मी म्हटलं, "का? मुलगी आल्या आल्या मोदक वळणार आहे?" मग आम्ही 'कुठलंही' असं लिहिलं आणि वाट बघत बसलो. बऱ्याच काळाने शिलाँगच्या एका संस्थेतून फोन आला. आम्ही गेलो तेव्हा ती दीड वर्षांची होती. रडली नाही, हसली नाही. तिनेच मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. ते विमानात बसेपर्यंत सोडलं नाही. मी इतकी खूश होते, की विमानात शेजारच्या अनोळखी माणसालाही तिची मूठ दाखवली.

पुण्याहून नणंदेचा फोन आला. "गोड आहे गं, पण लोकांना काय सांगणार?" मी म्हटलं, "लोकांनी विचारलं तर तुमचा नंबर देईन." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

लेक घरात आमच्यासारखंच बोलते, म्हणजे अर्धं पुणं आणि अर्धं फरीदाबाद. "आई, यार, आमटीत गूळ कुठे गेला?" असं. तिला 'उंबरठा' माहीत नाही, 'फडताळ' माहीत नाही, पण इथे वाढलेल्या कुठल्याच मराठी पोराला ते माहीत नसतं, त्यामुळे मी तक्रार करत नाही. बाहेर मात्र दिल्ली ती दिल्ली. मेट्रोत एखादी बाई मला वाकून विचारते, "मॅडम, ये बच्ची आपके साथ है?" मी हिंदीत म्हणते, "हो, आणि तुम्ही कुणाबरोबर आहात?" लेक माझी बाही ओढते. "चलो ना आई, राहू दे." बागेतल्या चौकीदाराला एकदा वाटलं की ती आमच्या स्वयंपाकवाल्या बाईची मुलगी. त्याला मी असं काही सुनावलं की आता तो मला लांबूनच नमस्ते करतो.

माझं ऑफिस मध्य दिल्लीत, केंद्र सरकारचं. माझ्याच मजल्यावर एक खासी अधिकारी बाई आहे. तिच्याकडे थोरल्या बहिणीला काँग म्हणतात, आणि मानाने कुठल्याही बाईला तसंच हाक मारतात, म्हणून मीही तिला काँग म्हणते. बुटकी, करारी, फायलीवर सही करताना ओठ घट्ट मिटून घेणारी. ऑफिसात माझ्याशी तोंडाला तोंड देणारी ती एकटीच, म्हणून मला ती पहिल्यापासून आवडायची.

एकदा चहाच्या वेळी मी तिला लेकीचा फोटो दाखवला. तिने फोटो बराच वेळ बघितला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "तुम्ही चांगली माणसं आहात," ती म्हणाली. "म्हणूनच तोंडावर सांगते. आमची मुलं बाहेर देऊ नयेत, असं माझं मत आहे."

"बाहेर म्हणजे? फरीदाबाद भारतात आहे अजून."

"हसू नकोस. आमच्यात कूळ आईकडून चालतं. नाव आईचं, घर आईचं. आणि ते घर शेवटी सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं. म्हाताऱ्या आईबापांनाही तीच सांभाळते. आमच्यात मुलगी म्हणजे घर. एक मुलगी बाहेर गेली की एक घर गेलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ते घर पाळण्यात पडून होतं ना संस्थेच्या," मी म्हटलं, "तेव्हा तुमच्यातलं कुणी आलं नाही न्यायला."

"नाही आलं. ते चूकच झालं आमचं. पण उद्या ती आरशात बघून विचारेल, मी कुणासारखी दिसते? तेव्हा तू काय दाखवशील? पुण्याच्या आत्याचा फोटो?"

अडचणीत सापडले की मी आवाज चढवते, तसा चढवला. तिनेही चढवला. बाजूच्या टेबलावरचे लोक समोसे हातात धरून बघत राहिले. हे सगळं हिंदीत चाललं होतं, पण तावातावाने बोलताना माझ्या तोंडून मराठी निघत होतं आणि तिच्या तोंडून खासी, म्हणजे शेवटी शेवटी आम्ही दोघी आपापल्या आयांसारख्या भांडत होतो.

काही दिवस आम्ही चहा वेगवेगळा प्यायलो. मग एक दिवस तीच माझ्या टेबलाशी आली, गावाकडून आलेल्या मधाची बाटली ठेवली आणि म्हणाली, "मुलीसाठी आहे. तुझ्यासाठी नाही." त्या रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं. लेकीने दार उघडलं, काँगकडे बघितलं, आणि बघतच राहिली. स्वतःच्या चेहऱ्याची मोठी बाई तिने इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. मग तिने काँगच्या गालाला बोट लावून बघितलं. इतकी मोठी मुलगी, पण लावलं. काँगने गाल तसाच पुढे धरला. मी पोळ्या बघायला आत गेले.

तेव्हापासून काँग अधूनमधून येऊ लागली. मत तिचं तेच. जेवता जेवताही ती मला सांगायची, की या एका मुलीचं ठीक आहे, पण नियम म्हणून हे बरोबर नाही. मी म्हणायची, नियम म्हणून मूल कुणाला होतच नाही, प्रत्येकाला एकेकच होतं. नवरा आमटी वाढत वाढत दोघींना म्हणायचा, "बिल्कुल बरोबर."

आता त्या भोंडल्याकडे येते. गेल्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळात एक ठाण्याच्या बाई नव्याने आल्या होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, हे मी त्यांच्यावर चिडलेली असतानाही सांगते. मी प्रसाद वाढायला आत होते. त्यांनी लेकीला जवळ घेतलं, 'किती गोड!' म्हणाल्या आणि विचारलं, तू कुठली? लेक म्हणाली, फरीदाबादची. 'तसं नाही गं, खरी कुठली?' मग बाकीच्याही बायका गंमत म्हणून सामील झाल्या. नेपाळ? नाही? मग सिक्कीम? थांब थांब, सांगू नकोस, मणिपूर! सगळ्या हसत होत्या. लेकही हसत होती, असं मला नंतर कळलं.

 नवरात्र जवळ आलं, मी हत्तीची रांगोळी काढायला पाट घासत होते, तेव्हा म्हणाली, "आई, आपल्याकडे नको भोंडला. आणि मी दुसरीकडेपण नाही येणार."

"का गं? मजा येते की तुला."

"मला नाही आवडत ते ओळखायचं."

"अगं, तू तर सगळ्यात हुशार..."

"मी नाही ओळखत, आई. मला ओळखतात." आता तिचा आवाज फुटला होता. "बसमध्ये ओळखतात, शाळेत ओळखतात, मंडळात ओळखतात. नेपाळ का, चीन का, गोड का, तिखट का. मीच खिरापत आहे. सगळे येऊन डबा हलवतात."

माझ्या हातातली घासणी तशीच राहिली.  आम्ही इतके दिवस कौतुकाने जो खेळ तिला शिकवला, तो ती रोज रस्त्यावर उलट्या बाजूने खेळत होती, डब्याच्या आतून. नवरा घेवडा निवडत बसला होता. तो हळूच म्हणाला, "मग नको करू या या वर्षी." मी त्याच्यावरच खेकसले. भोंडल्याचं कुणाला पडलं होतं? मला भीती वेगळीच होती. आज ही आमच्या फेरातून बाहेर पडली, उद्या घरातून मनाने बाहेर पडेल. काँगचं म्हणणं खरं ठरेल, आणि मी एक घर उचलून आणून ते बंद करून ठेवलं, असं होईल. त्या आठवड्यात मी काँगशी नीट बोललेसुद्धा नाही. तिने विचारलं, तर म्हटलं, "तुझंच बरोबर होतं म्हण, आणि मोकळी हो." ती म्हणाली, "वेडी आहेस का?" आणि आमच्या लेकीला फोन लावला.

दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. खासगी होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी लेक माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "भोंडला करू. पण खिरापत माझी. तू करायची नाही, बाबांनी विचारायचं नाही, आणि तुला आधी सांगणार नाही."

"अगं, आपल्या घरची खिरापत मला माहीत नको?"

"नको."

शनिवारी तिला काँगच्या सरकारी क्वार्टरवर सोडलं. काँगने दार किलकिलं करून तिला आत घेतलं आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "संध्याकाळी ये." मी कॉलनीच्या बाजारात फिरत राहिले. भाज्या बघितल्या, उगाच दोन ब्लाउजपीस घेतले, चहा प्यायले. मला मत्सर वाटला. साफ वाटला, कशाला लपवू? माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या ओट्याशी उभी राहून काहीतरी शिकत होती, जे मी तिला जन्मात शिकवू शकले नसते. आणि तरी मला बरंही वाटत होतं, की शिकवायला कुणीतरी आहे. दोन्ही एकदम वाटत होतं. परतताना गाडीत लेकीच्या केसांना तळणाचा वास होता. मी वासावरून अंदाज बांधायला लागले, तशी तिने खिडकीची काच खाली केली.

भोंडल्याच्या दिवशी आमचा हॉल गच्च भरला. मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या काकू सोफ्यावर विराजमान झाल्या. ठाण्याच्या बाई आल्या, मी त्यांना हसून या म्हटलं, दात जरा जास्त दिसले असतील. सगळ्यांत शेवटी काँग आली, दोन्ही खांद्यांवर पिना लावून नेसलेल्या तिच्याकडच्या रेशमी कपड्यात. दारातच मला म्हणाली, "मत बदललेलं नाही माझं."

"मी विचारलंय का? आत ये."

फेर धरला. काँगला गाणी येत नव्हती, पण ती बाकीच्या बायकांपेक्षा जास्त तालात चालत होती. लेक तिचा आणि माझा हात धरून फिरत होती, आणि तिच्या हाताला घाम फुटलेला मला कळत होता. मीही काही शांत नव्हते. डबा उघडल्यावर ही काय म्हणेल, कुणाचं म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग ती डबा घेऊन आली. बायका तुटून पडल्या.

"गोड की तिखट?"

"गोड."

"तळलेलं?"

"तळलेलं."

"गुलगुले!" "अनारसे!" "शंकरपाळे!" लेक प्रत्येकीला शांतपणे मान हलवून नाही म्हणत होती. शेवटी सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी डबा कानाशी नेला. हलवला. जड, मऊ काहीतरी एकमेकांवर आपटलं. गुळाचा वास आला, तांदळाच्या पिठाचा आला. मला वाटलं, सोपं आहे.

"घारगे," मी म्हटलं.

"नाही."

"तांदळाचे घारगे."

"नाही, आई."

मी आणखी दोन-तीन नावं घेतली. सगळ्यांना नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. "हरलो म्हणा," ती म्हणाली. सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. मी मात्र म्हटलं नाही. काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, तिच्या जिभेला ते वळण नाही. उघड तू." लेकीने माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि झाकण काढलं.

आत तांबूस, गोल, फुगलेले वडे होते. काकूंनी एक उचलला, पण तोंडात घालायच्या आधी काँगकडे बघत मला हळूच विचारलं, "नवरात्र आहे हो. यात काही तसलं नाही ना?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात एव्हाना मराठी कळू लागलेली काँग हिंदीत म्हणाली, "तांदूळ, गूळ, तेल. आणि मुलीचा घाम." काकू जरा ओशाळल्या, खाल्लं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं, हे तर आपलंच! माझी आजी अगदी असंच करायची. हे आपल्याकडचंच आहे."

"नाही, काकू," लेक म्हणाली. "हे पुखलेन आहे. खासी लोकांचं. तुमच्यासारखं दिसतं म्हणून तुमचं होत नाही."

 आतल्या कुकरची शिट्टी सगळ्यांना दचकवून गेली. ठाण्याच्या बाईंना काय बोलावं सुचेना, आणि ज्यांना सुचत नाही त्या नेमकं नको ते बोलतात. "म्हणजे बाळा, तू तिकडची आहेस होय?"

माझ्या हातातली प्लेट मी खाली ठेवली. आता मी यांना सोडणार नव्हते. पण लेकीने हात वर करून मला थांबवलं, अगदी मी तिच्या बाबांना थांबवते तसा.

"ओळखा," ती म्हणाली.

कुणी ओळखेना. तिने सगळ्यांकडे एक नजर फिरवली. मग डबा कमरेला लावला.

"मी खासी आहे. आमच्यात घर आईचं असतं, आणि आईचं घर सगळ्यात धाकट्या मुलीचं असतं. मी एकटीच आहे, म्हणजे धाकटी मीच. हे माझ्या आईचं घर आहे, म्हणून हे माझं घर आहे. आई-बाबा म्हातारे झाले की त्यांना मीच बघणार. तसा नियमच आहे."

काँगने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, कारण मला स्वतःचंच कळत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून नवरा म्हणाला, "बिल्कुल बरोबर," आणि या वेळी त्याचा आवाज घोगरा होता. काकूंनी आणखी एक वडा उचलला आणि त्याचं नाव पुन्हा नीट विचारून घेतलं.

सगळ्यांना वाटून झाल्यावर लेक डबा घेऊन माझ्यापुढे आली. एकच वडा उरला होता. मी हात पुढे केला, तसा तिने डबा मागे घेतला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. सगळ्या बायका बघत होत्या.

"हरले गं बाई," मी म्हटलं. "हरले."